भाकरीच्या पंक्तीतला बटाटा

प्रस्तावना

अंबाजोगाईच्या मंडईत बटाटा बारा महिने मिळतो, पण तो इथला नाही. बालाघाटाच्या या माथ्यावर रब्बीला ज्वारी, हरभरा आणि करडई पेरायची रीत. खरिपात आता सोयाबीन, पाण्याची सोय असेल तिथे ऊस. बटाट्याचे पोते येते ते इंदूर-आग्र्याकडून, गुजरातेतल्या डीसाहून, फार तर मंचरहून. इथल्या रानात ज्याला जागा मिळाली नाही, त्याने घरोघरच्या कोरड्याशात मात्र ठाण मांडले आहे. आठवडी बाजाराच्या पिशवीत कांद्यामागोमाग तोच पडतो. माळवे महाग झाले, पाहुणे अचानक आले, पोरांनी मेथीला नाक मुरडले, उपवास आला, की हात बटाट्याच्या टोपलीकडे जातो.

इतक्या कामाला येणाऱ्या या कंदाबद्दल आपले मत मात्र बरे नाही. बटाटा वातूळ, बटाट्याने अंग सुटते, बटाट्याने साखर वाढते, बटाटा म्हणजे नुसता पिठूळपणा, हे सगळे एका श्वासात म्हणायचे आणि दुसऱ्या श्वासात वड्याची ऑर्डर द्यायची, असा आपला व्यवहार. हे पुस्तक बटाट्याची वकिली करायला लिहिलेले नाही आणि त्याच्यावर खटला भरायलाही नाही. त्यामागची धारणा साधी आहे : अन्नाचा हिशेब एका पदार्थाचा मांडता येत नाही, तो ताटाचा मांडावा लागतो. बटाटा कशाच्या शेजारी बसला आणि चुलीवर त्याचे काय झाले, यावर त्याचे मोल ठरते. मराठवाड्यातल्या हिवाळ्याच्या ताटात, बाजरीच्या भाकरीजवळ, तिळाच्या कुटाजवळ आणि कोवळ्या हरभऱ्याजवळ, त्याला जितकी चांगली संगत मिळते तितकी वर्षात एरवी मिळत नाही. म्हणून पुस्तक बटाट्याचे असले तरी ऋतू हिवाळ्याचा निवडला आहे.

बटाट्याचे घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवराच्या परिसरात. सात-आठ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी कडवट, विषारी अंशाच्या रानटी कंदांतून खाण्याजोगे वाण निवडून काढले. त्या पहाडी मुलखाने थंडीचाच उपयोग हत्यारासारखा केला. रात्रीच्या हिमात बटाटे पसरून गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचे, मग उन्हात वाळवायचे. ‘चुन्यो’ नावाचा हा वाळवणाचा प्रकार वर्षानुवर्षे टिकतो. फाल्गुन-चैत्रात गच्चीवर बटाट्याचा कीस आणि वेफर्स वाळत घालणाऱ्या आपल्या बायकांना त्यामागचा विचार समजावून सांगावा लागणार नाही.

स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बटाटा युरोपात नेला. तिथे आधी त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले, मग तो कष्टकऱ्यांचा आधार झाला. थोड्या जमिनीत भरपूर पोटभरीचे अन्न आणि वर ‘क’ जीवनसत्त्व देणारे दुसरे पीक त्यांच्याकडे नव्हते. पण एकाच पिकावर सगळा भार टाकला की काय होते, हेही बटाट्यानेच दाखवले. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये करप्याने पिके काळी पडली आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. बटाट्याचा कोणताही गौरव ही गोष्ट बाजूला ठेवून करता येत नाही. दुष्काळ पाहिलेल्या आमच्या बीड जिल्ह्याला तर एकाच पिकावर विसंबण्याचा धोका वेगळा सांगायला नको.

भारतात तो पोर्तुगीजांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर उतरला. सतराव्या शतकातल्या प्रवासवर्णनांत त्याचे उल्लेख सापडतात, पण त्यांतले काही रताळ्याचे असावेत असा अभ्यासकांना संशय आहे. खरा प्रसार एकोणिसाव्या शतकातला, इंग्रजांनी थंड हवेच्या ठिकाणी केलेल्या लागवडीतून झाला. महाबळेश्वरला कैदेत ठेवलेल्या चिनी कैद्यांनी तिथे भाजीपाल्याबरोबर बटाटाही पिकवला. पुढे पुणे जिल्ह्यातला खेड, जुन्नर, आंबेगावचा पट्टा आणि साताऱ्याकडचा खटाव-कोरेगावचा भाग बटाट्याचा म्हणून ओळखला जाऊ लागला. आंबेगावच्या सातगाव पठारावर आजही पावसाळी बटाटा घेतात आणि मंचरच्या बाजारात बेण्याची उलाढाल होते.

स्वातंत्र्यानंतर शास्त्रीय काम एका जागी आले. १९४९ साली पाटण्यात केंद्रीय बटाटा संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९५६ मध्ये ती सिमल्याला हलली. तिने काढलेल्या वाणांच्या नावाआधी सिमल्याजवळच्या कुफरीचे नाव लागते. १९६८ च्या कुफरी ज्योती आणि कुफरी चंद्रमुखीने घरोघरचे बटाटे बदलले, पठारी प्रदेशासाठी कुफरी लवकर आली, आणि १९९८ च्या कुफरी चिप्सोनाने कारखान्यांची गरज भागवली. आज बटाट्याच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो.

या इतिहासातली एक गोष्ट स्वयंपाकघराच्या कामाची आहे. युरोपात बटाटा उन्हाळ्याचे पीक, आपल्याकडच्या मैदानी प्रदेशात मात्र तो हिवाळ्याचा. जमिनीखाली कंद धरायला त्याला गार रात्री लागतात. तापमान तिशीच्या वर गेले की झाड पाने काढत राहते, पण कंद पोसत नाही. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागवड आणि जानेवारी ते मार्च काढणी. दिवाळीला आपण खातो तो बहुधा शीतगृहातून निघालेला गेल्या हंगामात काढलेला माल असतो. पौषाच्या सुमाराला पातळ सालीचा, नखाने सोलणारा नवा बटाटा येतो. नव्यात पाणी जास्त आणि पीठ कमी, म्हणून तो रश्श्यात अखंड राहतो. जुना भुसभुशीत, म्हणून वड्याला आणि पराठ्याला बरा. शीतगृहातल्या गारव्यात बटाट्यातल्या पिठाची थोडी साखर होते, म्हणून असा बटाटा तळला की लवकर तांबूस-काळा पडतो. ‘या वेळचे वेफर्स करपले’ याचा दोष दर वेळी कढईचा नसतो.

आता पोषणाकडे वळू. कच्च्या बटाट्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८० ग्रॅम पाणी असते. उरलेल्यात १५ ते १७ ग्रॅम कर्बोदके, दीड-दोन ग्रॅम प्रथिने, तेवढेच तंतू, स्निग्धांश नावापुरता. ऊर्जा ७० ते ७७ किलोकॅलरी. शिवाय २० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व, ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि ‘ब-६’ जीवनसत्त्व. वजनाला वजन धरले तर उकडलेल्या बटाट्यात शिजलेल्या भातापेक्षा कमी ऊर्जा असते, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात ३८ खाद्यपदार्थांची भूक भागवण्याची क्षमता तपासली गेली, तेव्हा उकडलेला बटाटा सर्वांत वर होता. तोच बटाटा पातळ चकत्या करून तळला की पाणी उडून जाते, जागा तेल घेते, आणि १०० ग्रॅममध्ये ऊर्जा पाचशेच्या वर व चरबी तीस-पस्तीस ग्रॅमवर जाते. कंद एकच, कढईने त्याची जात बदलली.

या आकड्यांचे वाचन करताना आहारशास्त्रात दोन बाजू पडल्या आहेत. एक बाजू म्हणते, बटाटा भाजीत धरूच नका. जागतिक आरोग्य संघटनेचा दिवसाला ४०० ग्रॅम फळे-भाज्यांचा सल्ला आहे, त्यात बटाट्यासारखे पिष्टमय कंद मोजलेले नाहीत. उकडलेल्या गरम बटाट्याने रक्तातली साखर वेगाने चढते, त्यामुळे मधुमेहाच्या रुग्णाने त्याचे प्रमाण धान्यात मोजावे, हे म्हणणे रास्त आहे. दुसरी बाजू अन्नसुरक्षेची. कमी जमीन, कमी दिवस, भरपूर अन्न या हिशेबाने ती बटाट्याकडे पाहते. संयुक्त राष्ट्रांनी २००८ हे बटाट्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष पाळले ते याच दृष्टीने.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि त्यांच्यातला तंटा ताटाजवळ आला की बराचसा मिटतो. ज्वारी-बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात दहा-अकरा ग्रॅम प्रथिने असतात, पण त्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. बटाट्यातली प्रथिने थोडी, पण त्यांत लायसिनचे प्रमाण बरे. तरी ही उणीव एकट्या बटाट्याने भरून निघत नाही. ती भरतात सोलाणे, तुरीच्या शेंगा, वालपावटा. बटाट्याचे काम दुसरे आहे. बाजरीत आणि पालेभाजीत लोह असते, पण ते अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत लागते. सालीसकट उकडलेले दीडशे ग्रॅम बटाटे प्रौढ माणसाच्या ‘क’ जीवनसत्त्वाच्या दिवसाच्या गरजेचा पाव हिस्सा किंवा थोडा जास्तच भागवतात. वर लिंबू पिळले तर आणखी चांगले. तिळाने चुना आणि स्निग्धता येते, शेंगदाण्याच्या कुटाने प्रथिने. पालक-मेथीत अर्धा बटाटा घातल्याने भाजी वाढते आणि लेकरे ती खातात. पण मेथी काढून नुसता बटाटा उरला, भाकरी जाऊन पाव आला आणि कूट जाऊन तेल आले, तर तेच ताट उलटे होते.

शिजवण्याची रीतही हिशेबात धरावी लागते. सोलून, फोडी करून, भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून दिले की ‘क’ जीवनसत्त्व आणि पोटॅशियम पाण्याबरोबर जातात, म्हणून सालीसकट उकडावे. मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितले आहे, त्यांनी मात्र नेमके उलटे करावे : फोडी करून, भरपूर पाण्यात उकडून, पाणी टाकून द्यावे. उकडून रात्रभर गार ठेवलेल्या बटाट्यातले काही पीठ पचायला अवघड रूप घेते आणि तंतूसारखे वागते, त्यामुळे साखर जरा सावकाश चढते. आदल्या रात्री उकडून सकाळी फोडणी देण्याची सवय वेळ वाचवण्यासाठी पडली असली, तरी तिचा हा फायदाही आहे. हिरवा पडलेला किंवा कोंब आलेला बटाटा कडवट लागतो तो सोलॅनिनमुळे. असा भाग खोलवर कापून टाकावा, जास्त हिरवा असेल तर अख्खा बटाटाच टाकावा. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात पोत्यावर पसरावेत. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत बटाटा नाही, तो आला तेव्हा ते लिहून झाले होते. पण हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, हे चरकाचे निरीक्षण हिवाळ्यातल्या जड, स्निग्ध जेवणामागे आहे, आणि थंडीत बाजरी, तीळ, कंद खाण्याची रीत त्याच्याशी जुळते.

मराठी स्वयंपाकात बटाट्याची घराणी स्पष्ट दिसतात. कोकण-पुण्याची पिवळी भाजी : मोहरी, हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता, वर खोबरे-कोथिंबीर. पुरीबरोबर आणि मंगलकार्यात तिचीच सत्ता. मुंबईने तीच भाजी बेसनात बुडवून वडा केला, आणि १९६६ च्या सुमाराला दादरला अशोक वैद्यांनी तो पावात घातला अशी मान्यता आहे. देशावरच्या आणि मराठवाड्याच्या घराण्यात बटाटा रश्श्यात जातो : काळा मसाला, शेंगदाण्याचे कूट, कधी येसर, वर लाल तर्री, आणि भाकरी कुस्करायला पुरेल इतका रस्सा. वांगे-बटाटा, मेथी-बटाटा, शेपू-बटाटा, सोलाणे-बटाटा ही त्याची हिवाळी रूपे. निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत फौजेची छावणी होती आणि हैदराबादशी जाणे-येणे होते, त्यामुळे आलू-गोश्तही इथल्या चवीतला आहे.

यातले लिहून किती ठेवले गेले? मराठीतले पाकशास्त्राचे छापील पुस्तक ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ही परंपरा मोठी, पण तिचा रोख पुणे-मुंबईच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या घरांकडे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत. इथला स्वयंपाक सासूने सुनेला सांगितला, छापला कुणी नाही. ही उणीव थोडी तरी भरून काढावी, हा या संग्रहाचा पहिला हेतू.

अंबाजोगाईचा हिवाळा सणांनी आणि कामांनी भरलेला असतो. मार्गशीर्षात योगेश्वरीचे नवरात्र बसते, पौर्णिमेला त्याची सांगता होते. उपवासाच्या त्या दिवसांत साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ताटात येतात, आणि या चौघांचेही मूळ अमेरिका खंडात आहे. आपल्या धर्माने त्यांना उपवासाला चालवून घेतले ते धान्य नव्हेत म्हणून. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पीठ, त्यावर बटाटा म्हणजे पिठावर पीठ. त्यापेक्षा भगर, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी आणि सोबतीला बटाटा हे उपवासाचे ताट अधिक शहाणे. मार्गशीर्षाच्या अमावास्येला लातूर-धाराशिवच्या सीमेकडच्या रानांत येळवस (वेळअमावास्या) होते. तिथल्या भज्जी नावाच्या भाजीत मान कोवळ्या शेंगांचा आणि पाल्याचा, बटाट्याचा नाही, आणि ते तसेच राहावे. पौषात हुरड्याच्या आगटीत राखेखाली रताळे आणि बटाटा भाजायला टाकतात. सालीसकट भाजण्याइतकी कमी नासाडीची दुसरी रीत नाही. मग भोगी : तिळाची बाजरीची भाकरी आणि वांगे, गाजर, पावटा, सोलाणे, बोरे यांच्या मेळातली भाजी. बटाटा तिथे पंक्तीच्या शेवटी बसतो, आणि मला वाटते त्याची खरी जागा ती आहे.

याच हिवाळ्याचा दुसरा चेहरा ऊसतोडीचा. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातली कुटुंबे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात आणि कारखान्यांचे पट्टे पडेपर्यंत, म्हणजे गळीत संपेपर्यंत, कोपीत राहतात. तिथली बाई पहाटेच्या अंधारात तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापते. तिच्याजवळ पालेभाजी निवडायला वेळ नाही आणि ठेवायला जागा नाही. न नासणारा, लवकर शिजणारा, फडात फडक्यात बांधून नेता येणारा बटाटा तिच्या उपयोगाचा आहे. तिला ‘बटाटा टाळा’ असा सल्ला देणे म्हणजे तिचे ताट न पाहता बोलणे. तिला सांगण्यासारखे आहे ते एवढेच, की फोडणीत मूठभर कूट किंवा भिजवलेली मटकी घाल, साल काढू नकोस, आणि रस्ता-बांधावर दिसणारा पाथरीचा, तांदुळजाचा पाला मिळाला तर त्यात टाक. पोटभर खाणे आणि पुरेसे खाणे यांतले अंतर एवढ्या छोट्या गोष्टींनी कमी होते.

हे आत्ता सांगायची गरज का पडली, तर ताट वेगाने बदलते आहे म्हणून. ज्वारीच्या भाकरीची जागा पोळी आणि पाव घेत आहेत. गावातल्या किराणा दुकानाच्या दाराशी पाच-दहा रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटांच्या माळा लटकतात, आणि लेकरांच्या पोटात जाणारा बटाटा अधिकाधिक त्या पाकिटातून जातो. एकाच वाडीत कमी वजनाची बालके आणि मधुमेहाचे प्रौढ आहेत. अशा वेळी बटाट्याला बरे-वाईट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्याला पाकिटातून काढून भाकरीजवळ परत आणणे अवघड आहे, पण उपयोगाचे तेच.

या पुस्तकाची मांडणी त्याच धोरणाने केली आहे. पाककृती पदार्थाच्या नावाने लावलेल्या नाहीत, हिवाळ्याच्या दिवसांप्रमाणे लावल्या आहेत, आणि प्रत्येकीबरोबर तिचे पूर्ण ताट दिले आहे : भाकरी कोणती, चटणी जवसाची की कारळाची, कोशिंबीर काय, ताक की अंबील. तेलाचे माप चमच्यात सांगितले आहे, ‘अंदाजे’ नाही. काही पाककृती एकाच बटाट्याच्या दोन रूपांत दिल्या आहेत, उकडलेल्या आणि तळलेल्या, म्हणजे वाचकाला फरक आपल्याच ताटात दिसावा. वड्याला आणि भज्याला पुस्तकात जागा आहे, कारण सणाला तळण लागते. रोजच्या भागात ती नाहीत. हे पथ्याचे पुस्तक नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. इथल्या पद्धती अंबाजोगाई, परळी, केज, धारूर भागातल्या आहेत, त्या साऱ्या मराठवाड्याच्या वतीने बोलत नाहीत. पाच कोसांवर फोडणी बदलते.

हे पुस्तक शेल्फावर राहू नये, ओट्यावर यावे. त्यावर तेलाचे डाग पडावेत, मापे खोडून आपापली लिहावीत, आणि ज्या घरात आजीच्या हातचा एखादा हिवाळी पदार्थ अजून कुणी लिहून ठेवलेला नाही, तिथे तो शेवटच्या कोऱ्या पानांवर उतरवावा. ती पाने त्यासाठीच सोडली आहेत.